गोरज मुहूर्त आणि काचेआडची कोंबडी

ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही. आजवर वाटली नाही आणि पुढंही वाटायची नाही. खोट्या गोष्टीला चार साक्षीदार उभे करता येतात, खरी बिचारी एकटीच असते. चारठाण्याच्या पारावर सांगितली की माणसं तंबाखू चोळायची थांबून हसतात, आणि जिंतूरच्या बाजारात सांगितली तर म्हणतात, "आबा, ऊन लय हाय, डोस्क्यावर कायतरी घेऊन फिरत जावा."

पण आज तसं चालायचं नाही. आज साक्षीला खुद्द सत्यशीला या अंगणात बसलेली आहे, मांडीवर सूप घेऊन तूर पाखडते आहे. लग्न तिचंच. पलीकडं बाजेवर अंगद बसलाय, तिचा नवरा, आणि गोष्ट सांगाच म्हणून आग्रहही त्याचाच. बाई सत्यशीला, तुझं पाखडणं चालू दे. मधे मात्र बोलायचं नाही. काय विचारायचं ते शेवटी. एक अक्षर खोटं निघालं तर आबाच्या मिशा आणि तुझी कात्री.

तर साल नेमकं कोणतं ते कुणी सांगू नये. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे निघत होते, बंद पुकारले जात होते, आणि एसटी सुटणार की नाही हे कंडक्टरलासुद्धा ती सुटल्यावरच कळायचं, ते दिवस. म्हणून चारठाण्याच्या नागनाथानं लेकाचं, म्हणजे या अंगदचं, वऱ्हाड बोरीला न्यायला टेम्पो केला. सकाळी निघायचं, जिंतूरला चहा घ्यायचा, दुपारच्या आत बोरी. लग्न गोरज मुहूर्ताचं. म्हणजे घाई कशाचीच नव्हती, आणि ज्या कामाला घाई नसते त्याचंच मातेरं होतं.

सोयरीक जुळवली होती धुरपताबाईनं. धुरपताबाई म्हणजे सत्यशीलाची आत्या, बन्सीधरची थोरली बहीण. या बाईनं तालुक्यात इतकी लग्नं जमवली होती, की बाजारात दोन माणसं भांडताना दिसली तर ती आधी विचारायची, "तुमची सोयरीक मीच केलती का?" पण सख्ख्या भाचीच्या बाबतीत तिचा हात दोनदा रिकामा गेला. पहिल्या पोरानं हळदीच्या आदल्या दिवशी हैदराबादची गाडी धरली. दुसऱ्याला मुलगी पसंत होती, पण त्याच्या बापाला बैलजोडीही पसंत पडली. तेव्हा भावकीनं बैठक घेऊन सांगितलं, "अक्का, ही तिसरी बार. ह्या बारीला नवरा आला न्हाई, तर हळदीची पोर मांडवातून परत जायची न्हाई. त्याच मांडवात भुजंगाशी लावून देऊ."

भुजंग म्हणजे बोरीतला सरकी-पेंडीचा दुकानदार. पहिल्या दोन बायका त्याला सोडून गेल्या होत्या. एक वर गेली, एक माहेरी. माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला म्हशी बऱ्या वाटायच्या. लग्नाच्या दिवशी तो सकाळपासूनच मांडवात पुढच्या सतरंजीवर येऊन बसला. अंगात नवा शर्ट, कॉलरच्या टाचण्यासुद्धा काढलेल्या नाहीत. पाहुणा असा बसत नाही. पाहुणा जेवणाकडं बघतो, हा घटकेघटकेला रस्त्याकडं बघत होता आणि रस्ता रिकामा दिसला की सुपारी कातरत होता.

हळद लावलेली सत्यशीला आत्याला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आत्या, त्या भुजंगाला दिलं ना, तर मी त्याच्या दुकानातली पेंड खाऊन राहीन, पर त्याला भाकर थापून घालनार न्हाई."

"आगं, यील वऱ्हाड."

"कदी?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या पोरींना धुरपताबाईनं 'येईल, येईल' म्हणून सांगितलं होतं. आज तोच शब्द सख्ख्या भाचीला सांगायची पाळी आली. दुपार टळली. मांडवात सगळं कसं गप्प गप्प. लिंबाच्या फांदीला टांगलेला भोंगा मुका, कारण सकाळपासून लाईटच नव्हती. भोंगावाला वायर गुंडाळत सांगत होता, "जिंतूरहूनच गेली. आक्खा तालुका बंद हाय, आता उद्याच्याला." गाणी नाहीत, त्यामुळं भुजंगाच्या सुपारीचा कटकट आवाज तेवढा सगळ्यांना ऐकू येत होता.

आधी सायकलवर एक पुतण्या पाठवला, तो परत आला नाही. मग बन्सीधर स्वतः कुणाच्या तरी जीपमध्ये बसून गेला. पोरीचा बाप! तोही आला नाही. माणसं विहिरीत पोहरा सोडावा तशी जिंतूरकडं सोडली जात होती आणि दोर नुसताच हलका वर येत होता.

धुरपताबाईनं पदर खोचला. निघण्याआधी ती गावाबाहेर माळावर गेली. तिथं येडबा मेंढरं राखायचा, आणि मेंढरांबरोबर गावची गुरंही त्याच्याच हवाली असायची.

"येडबा, आज गुरं वेशीत आनायची न्हाईत."

"कामून वो मावशे?"

"गोरज म्हंजी काय रं?"

"गुरं घरला येतेत तवा धूळ उडती ती."

"आन् गुरंच आली न्हाईत तर?"

येडब्यानं डोकं खाजवलं. "तर मंग... दिवस मावळत न्हाई?"

"दिवस मावळू दे रं, मुहूर्त मावळत न्हाई. मी येईस्तोवर एक खूर वेशीत पडला, तर तुझं लगीन म्या जमवनार न्हाई, ध्यानात ठेव."

येडबा बिनलग्नाचा होता. त्यानं तिथल्या तिथं काठी आडवी धरली.

जिंतूरकडं कापसाचा एक ट्रक जात होता. जिनिंगचा माल, वर आभाळाला टेकलेला. धुरपताबाईनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून तो थांबवला, आत जागा नाही म्हटल्यावर वर चढली आणि कापसात कमरेइतकी रुतून बसली. जिंतूरला उतरली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. बघणाऱ्यांना वाटलं, बाई काळजीनं वाटेतच म्हातारी झाली.

बसस्टँडसमोर व्यंकटरावाचं हॉटेल. दारात वऱ्हाडाचा टेम्पो उभा, झेंडूच्या माळा उन्हानं कोमेजलेल्या, आत माणूस नाही. शेजारी एसटी उभी, तिच्यातही ड्रायव्हर नाही. वाजंत्र्यांचा ढोल फूटपाथवर पालथा आणि त्याच्यावर एक शेळी बसलेली. मात्र हॉटेलात इतकी गर्दी, की भिंती बाहेरच्या बाजूला फुगल्या होत्या.

धुरपताबाई कोपरं मारत आत शिरली. समोर कपाटाएवढी एक पेटी, तिला काच, काचेत उजेड, आणि त्या उजेडात एक कोंबडी.

ही पेटी परभणीच्या कुण्या शेठनं व्यंकटरावाच्या हॉटेलात आणून ठेवली होती. व्हिडिओ गेम म्हणायचे तिला. नाणं टाकायचं, दांडी हलवायची, की आतली कोंबडी खळ्यातले दाणे टिपत पळायची. मागं मांजर लागायचं. मांजरानं धरलं की एक जीव गेला. असे थोडे जीव असायचे. इथवर काही विशेष नाही. पण दाणे टिपता टिपता मधेच, कुणाला सांगता येणार नाही अशा वेळी, कोंबडी एक सोन्याचं अंडं घालायची आणि पेटी गायला लागायची. टिंग टिंग टिडिंग टिंग! कोंबडीचा तुरा थोडा मोठा व्हायचा, खळं बदलायचं, पिवळ्याचं हिरवं व्हायचं, आणि दांडी धरलेल्या माणसाच्या तोंडावर असं काही उजाडायचं, की जणू त्यानंच अंडं घातलंय.

दांडी अंगदच्या हातात होती. बाशिंग त्यानं टोपीसारखं मागं सरकवलं होतं, मुंडावळ्या दोन्ही कानांना गुंडाळल्या होत्या आणि हळदीचा अंगठा दांडीवर दाबून दाबून पांढरा पडला होता.

(अंगद, मान डोलव. तुझंच चाललंय. हां.)

"अंगदराव!" धुरपताबाई ओरडली. "मांडवात पोरगी बसून ऱ्हायली!"

"येवडं खळं होऊ द्या आत्याबाई."

"सकाळपासून किती खळी झाली?"

"मोजली न्हाईत. पर ह्या खळ्यात अंडं हाय. मला वाटायलंय."

शेजारी तिचा भाऊ बन्सीधर उभा होता, मान लांब करून, डोळे काचेला चिकटलेले.

"बन्सी! आरं, आज तुज्या लेकीचं लगीन हाय!"

"हाय ना अक्का. तेच सांगायला आलतो. पर ईवाई म्हनले, आदी तुमचा मान, एक डाव तुमी खेळा. आता ईवायाचा मान मोडता येतो का?"

"मंग? घेतलास ना मान?"

"घेतला. मंग म्या त्यास्नी मान द्यायला नको?"

पलीकडून नागनाथ, नवऱ्या मुलाचा बाप, हात जोडून म्हणाला, "इहीणबाई, त्यांनी मला मान दिला, म्या त्यास्नी दिला. आमच्यात मानापानात कमी पडायची रीत न्हाई. आता तुमी आलाच हाव तर आदी तुमचा—"

आणि हीच मेख होती. दुसऱ्या मुलखातला माणूस असता तर त्यानं सरळ 'नको' म्हणून हात झटकला असता. पण इथं लग्नाचा दिवस, समोर व्याही, आणि व्याह्यानं पुढं केलेली गोष्ट नाकारणं म्हणजे सोयरीक मोडणं. पुतण्या बोलवायला आला, त्याला मान मिळाला. वाजंत्री आले, त्यांना मिळाला. एसटीचा ड्रायव्हर 'गर्दी कसली' म्हणून डोकावला, त्याला लांबचा पाहुणा समजून मान मिळाला. ज्याला मिळाला त्यानं परत दिला. मानाचं हे चाक सकाळपासून फिरत होतं आणि मधे ती कोंबडी दाणे टिपत होती.

धुरपताबाईनं पायातली चप्पल काढली आणि काचेवर उगारली. व्यंकटराव गल्ल्यावरून उडी मारून आडवा आला.

"आवं बाई, काच फोडू नका! फोडली तर ही समदी गडीमानसं हितंच कोंबडीचं सुतक धरून बसतेल. मंग लगीन तेराव्यानंतर!"

"मंग करू तरी काय? तुमीच आनली ही अवदसा."

"म्या कुटं आनली? पेटी शेठची, तिच्यातला गल्ला शेठचा. माझ्या चहाला दिवसभर कुत्रं इचारीना झालं. हे बगा, सकाळचं दूध नासलं, जिलेबी वाळून खडंग व्हायली. मला तुमच्यापरीस घाई हाय ही मानसं उठवायची." त्यानं तिला बाजूला घेतलं. "बाई, म्या रोज बसून बगतो. ह्या पेटीची करामत सांगू? ती रोज देत न्हाई आन् कदीच देत न्हाई असंबी न्हाई. रोज भेटतो तो पगार. पगारासाटी कोनी धावतं का? कदीच भेटत न्हाई ते सरकारी अनुदान. त्याची वाट बगायची मानसानं सोडून देलेली हाय. पर कदीतरीच, मधीच, अवचित भेटतो तो परसाद. परसादाच्या रांगंत मानूस उपाशी उबा ऱ्हातो, आन् एक बत्तासा हातावर पडला की जनम धन्य!"

"पर नवरदेवाला काय कमी हाय आज? टावेल, टोपी, अंगठी, समदं भेटनार हाय."

"तेच की! आज त्याला समदं फुकट भेटायलंय. जो येतो तो टिळा लावतो. त्यानं केलं काय, तर जल्म घेतला. ही पेटी एकटीच हाय जी म्हनती, गड्या, आदी पळ, मंग देते."

धुरपताबाईनं चप्पल परत पायात घातली. तेवढ्यात नागनाथानं मानानं तिला दांडीपुढं उभं केलं. 'नाही' म्हणणार कशी? व्याही होता. तिनं दांडी धरली, ती फक्त एक डाव खेळून मोकळं व्हायला.

पहिला जीव गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला कोंबडी कोपऱ्यात अडकली, मांजर तोंड वासून आलं, धुरपताबाईनं डोळे मिटून दांडी कुठंतरी ओढली, आणि टिंग टिंग टिडिंग टिंग!

सगळं हॉटेल ओरडलं. एसटीच्या ड्रायव्हरनं शिट्टी मारली. धुरपताबाईनं डोळे उघडले. खळं हिरवं झालं होतं. तिच्या छातीत काहीतरी फुललं. इतकी लग्नं जमवली, इतक्या पंगती उठवल्या, बाळंतपणं केली. कुणी कधी तिच्यासाठी ढोलावर टिपरू मारलं नव्हतं. जेवून उठलेला प्रत्येकजण मीठ जास्त होतं एवढंच सांगून गेला. आणि ही परकी पेटी, ओळख ना पाळख, तिच्यासाठी गाणं म्हणत होती! अजून एक अंडं. फक्त एक. मग निघूच. तिनं दांडी घट्ट धरली, आणि मांडव, मुहूर्त, भुजंग सगळं कापसासारखं हलकं होऊन कुठल्या कुठं उडून गेलं.

किती वेळ गेला देव जाणे. भानावर आणलं ते व्यंकटरावानं. त्यानं वैतागून साखरेचा रिकामा डबा आपटला, आणि त्या खडखडाटासरशी धुरपताबाईचे कान टवकारले. तिला भुजंग आठवला. भुजंग दुकानासमोर पेंडीचा डबा असाच खडखडवायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाईम्हशी दावं तोडून त्याच्याकडं वळायच्या, सगळ्यांत पुढं पाटलाची भुरी म्हैस. डब्यात रोज पेंड असायची का? छे! दहादा खडखडवावं, दोनदा मूठभर द्यावी. तेवढ्यावर गावातली गुरं त्याच्या दुकानापुढं ताटकळत उभी असायची, आणि मालकांना लाजेकाजेस्तव पेंड विकत घ्यावी लागायची.

"आगं माय," ती स्वतःशीच म्हणाली, "म्या आन् पाटलाची भुरी म्हैस, काय फरक ऱ्हायला?"

तिनं दांडी सोडली. बोटं एकेक करून सोडवावी लागली, पण सोडली. "व्यंकटराव, तो डबा आना. आन् ती वाळकी जिलेबी बी."

अंगद लगेच परत दांडीला चिकटला. धुरपताबाई त्याच्या शेजारी उभी राहिली, काही बोलली नाही. डबा खडखडवला आणि जिलेबीचा तुकडा त्याच्या तोंडात घातला. अंगदनं काचेवरची नजर न काढता चावला. थोड्या वेळानं परत डबा खडखडला. अंगदनं आ केला. काही मिळालं नाही. त्यानं पहिल्यांदा मान वळवून बघितलं. तिसऱ्यांदा डबा वाजला तो दोन पावलं लांबून. अंगदनं दांडी न सोडता मान लांबवली, पुरेना. काचेत मांजर आलं, कोंबडीला धरून गेलं, त्याचं लक्षच नव्हतं. तो दोन पावलं पुढं झाला. त्याला तुकडा मिळाला. बापानं ते बघितलं.

"अंगद्या, काय भेटलं रं?"

"जिलेबी."

"समद्यास्नी हाय का?"

"कुनास ठाव. मला भेटली, तुमास्नी भेटंल न भेटंल."

'भेटेल न भेटेल' म्हटल्याबरोबर हॉटेलातल्या सगळ्या माना डब्याकडं वळल्या. 'सगळ्यांना भेटेल' असं तो म्हणाला असता तर कुणी हललं नसतं.

कापूस उतरवून तो ट्रक रिकामा होऊन बोरीकडं परत निघालाच होता. धुरपताबाई मागच्या फळीवर चढली, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं साखळी धरलेली. जिलेबीची परात, सुपाऱ्या, आहेराचे दोन टॉवेल पायाशी. तिनं हाळी दिली, "ऐका! हितून बोरीपस्तोर रस्त्यावर जे मैलाचे दगड हायती, त्यातल्या कोन्यातरी दगडाला मान हाय! कोन्या दगडाला हाय, कोनाला हाय, काय हाय, ते मलाबी ठाव न्हाई!"

ट्रक निघाला आणि वऱ्हाड त्याच्यामागं पळत सुटलं. टेम्पो तिथंच राहिला, त्याची आठवण कुणालाच नाही. पुढं नवरदेव, बाशिंग हातात. मागं दोन व्याही, त्यातही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चालू, पण पळता पळता. मागं वाजंत्री, ढोलावरची शेळी उठवून. एसटीचा ड्रायव्हर. आणि हॉटेल उघडं टाकून खुद्द व्यंकटराव! त्याच्याच हॉटेलची जिलेबी होती, पण फुकट मिळायची शक्यता निघाली होती.

पहिल्या दगडाला डबा वाजला, जिलेबी मिळाली. दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याला काही नाही, माणसं कुरकुरली, पाय रेंगाळले. तोच चौथ्याला टॉवेल उडाला आणि बन्सीधरच्या डोक्यावर पडला! वाजंत्र्यांनी पळता पळताच सनईवर तेच पेटीतलं गाणं धरलं. टिंग टिंग टिडिंग टिंग. त्यानंतर कुणी रेंगाळलं नाही. त्या वेगानं पळताना म्हणे नागनाथाची सावली मागं पडली आणि बोरीत दोन दिवसांनी पोचली. शेवटी ट्रकच्या ड्रायव्हरलाच ओरडून सांगावं लागलं, "बाई, ह्यांस्नी जरा हळू पळायला सांगा, माझं इंजिन तापायलंय."

इकडं बोरीत दिवस मावळला होता. भटजी पंचांग मिटून म्हणत होते, "गोरज गेली." येडबा माळावर काठी आडवी धरून ओरडत होता, "गुरं आलीच न्हाईत तर गोरज गेली कशी?" भटजींना हा मुद्दा कोणत्याच पोथीत सापडेना. गाईंच्या सडांतून दूध गळून माळावर डबकी साचली होती, वासरं गावात हंबरत होती, मेंढरं मधे बसून रवंथ करत सगळा वाद ऐकत होती. आणि भुजंग? भुजंग उठला होता. दुकानातून पेंडीचा डबा आणून वेशीत उभा राहिला होता आणि जीव खाऊन खडखडवत होता. एक गाय वेशीत शिरली की मुहूर्त लागला, आणि मुहूर्त लागला की हळदीची पोर त्याची.

सत्यशीला मांडवातून तो आवाज ऐकत होती. डबा वाजला की ती वेशीकडं मान वळवायची. तिची आई म्हणाली, "पोरी, नशीब म्हन." ती म्हणाली, "नशीब न्हाई आई, पेंड हाय ती."

गुरांची चुळबुळ सुरू झाली. येडब्यानं एकीला काठीनं अडवलं, दुसरीला पाठीनं अडवलं, तिसरी त्याला ओलांडून गेली. पुढची पाटलाची भुरी म्हैस. आता तिचा खूर वेशीच्या दगडावर पडणार...

तेवढ्यात जिंतूरच्या बाजूनं दुसरा डबा वाजला!

म्हैस थबकली. भुजंगाचा डबा तिच्या ओळखीचा होता. दहादा वाजणार, दोनदा मिळणार. हा डबा नवा होता. यात काय असेल, मिळेल न मिळेल, कुणाला ठाऊक? गुरं असो, माणूस असो, ओळखीच्या डब्यापेक्षा अनोळखी डब्याचा मोह मोठा. भुरीनं शेपूट वर केली, वळली, आणि तिच्यामागं सगळा कळप ट्रककडं सुटला. ट्रक थांबला नाही. कळप वळून ट्रकच्या मागं लागला. आणि मग वेशीतून एकाच लोंढ्यात ट्रक, नवरदेव, दोन्ही व्याही, सनई, ढोल, एसटीचा ड्रायव्हर, व्यंकटराव, गाई, म्हशी आणि मेंढरं अशी आत शिरली. एवढी धूळ उडाली, की परभणीपर्यंत माणसांनी दिवे लावले.

"गोरज!" भटजी धुळीतून ओरडले. "लागली गोरज! सावधान!"

कोण कुठं आहे कुणाला दिसत नव्हतं. अंतरपाट म्हणून जे धरलं तो आहेराचा टॉवेल होता. मंगलाष्टका भटजी एकीकडं तोंड करून म्हणत होते आणि वधूवर दुसरीकडं. धूळ खाली बसली तेव्हा अंगदच्या गळ्यात सत्यशीलाचा हार होता, आणि सत्यशीलाच्या गळ्यात अंगदचा. भुजंगाच्या गळ्यात पाटलाच्या म्हशीचं दावं होतं. धुरपताबाई ट्रकच्या फळीवर तशीच उभी होती, डबा रिकामा, डोळ्यांत धूळ की पाणी सांगता येईना. सत्यशीला सगळं सोडून पळत गेली आणि आत्याच्या पायांना मिठी मारली. वाजंत्र्यांनी आपणहून तेच गाणं वाजवलं, या खेपेला फक्त धुरपताबाईसाठी.

भुजंग पंगतीला बसला आणि चारदा बुंदी मागून घेतली. तीनदाच वाढली; चौथ्यांदा वाढप्या पुढं निघून गेला. म्हणून तो अजून बोरीतल्या प्रत्येक लग्नाला न चुकता येतो.

झाली गोष्ट. अंगदची मान अजून डोलते आहे. कुणाला खोटी वाटत असेल तर साक्षीदार समोर आहे.

सत्यशीलानं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.

"झालं का आबा सांगून?"

"झालं. विचार आता काय विचारायचं ते."

"त्या दिशी मांडवातला भोंगा कामून बंद व्हता म्हनलात?"

"सांगितलं की. लाईट नव्हती. सकाळपासून. जिंतूरहूनच गेलेली, आख्खा तालुका..."

आबांची जीभ तिथंच थांबली.

"हां," सत्यशीला म्हणाली. "आन् जिंतूरची लाईट सकाळपासून न्हाई, मंग ती कोंबडी काय रॉकेलवर पळत व्हती?"

बाजेवर अंगदची मान डोलायची थांबली. ती हळूच त्याच्याकडं वळली.

"आवं, मान डोलवनारे! इतकी वर्सं हीच गोष्ट ऐकायलेय मी. दिवसभर तुमी व्हता तरी कुटं?"